थेंब टाकण्याआधी थोडं बोलूया

आई-बाबांनो,

"डोळे चोळू नकोस" हे वाक्य तुमच्या घरात दिवसातून कितीदा ऐकू येतं? ज्या घरात डोळ्यांची ॲलर्जी असलेलं मूल आहे, तिथं ते सकाळी दात घासताना सुरू होतं आणि रात्री दिवा बंद होईपर्यंत चालू राहतं. आधी समजावून, मग दटावून, कधी कधी हातावर चापट देऊन. माझ्यासमोर तपासायला आलेली कित्येक मुलं हात मांडीखाली दाबून बसतात आणि डोळा आईकडे असतो, आई रागावते की काय म्हणून. मी आधी त्या मुलाशी बोलते. "खाज सुटते ना खूप? खरंच सुटते. तू मुद्दाम नाही करत." त्या वाक्यावर मुलाचा चेहरा असा सैल पडतो, की मग थेंब टाकायलाही ते स्वतःहून मान मागे करतं.

म्हणून तुमच्याशी बोलतानाही सुरुवात तिथूनच करते. ही खाज म्हणजे मुलाची खोड नाही. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. त्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन साठवलेलं असतं. मुलाच्या शरीराला जी गोष्ट सोसत नाही, मग ती धूळ असो, परागकण असोत की बुरशीचे कण, ती डोळ्यात गेली की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. पुढच्या काही मिनिटांत खाज, पाणी, लाली आणि सूज, सगळं एकदम सुरू होतं. मूल डोळे चोळतं. क्षणभर बरं वाटतं. पण चोळण्याच्या दाबानं आणखी पेशी फुटतात, आणखी हिस्टामिन सांडतं आणि खाज दुपटीनं परत येते. "चोळू नकोस" म्हणून हे चक्र थांबत नाही. खाज थांबली तरच हात थांबतो, आणि त्यासाठी औषधी थेंब असतात.

आता थेंब कोणते, कधी, किती दिवस, हे सांगते. त्याआधी हे दुखणं ॲलर्जीचंच आहे का, ते ओळखायला हवं.

ॲलर्जीची पहिली खूण खाज. खाज नसेल तर मी ॲलर्जी म्हणायला कचरते. बहुतेक वेळा दोन्ही डोळे एकदम धरतात. पाणी येतं, आणि चिपडं आलीच तर ती पांढरट, चिकट, बोटानं धरली तर दोऱ्यासारखी लांबत येणारी असतात. पापण्या सकाळी सुजलेल्या दिसतात. बरोबर शिंका, नाक चोळणं, कधी दम्याचा किंवा अंगावरच्या इसबाचा इतिहास असतो, मुलाचा नाहीतर घरातल्या कुणाचा. काही मुलं खाज सुटते असं सांगतच नाहीत, नुसती सारखी डोळे मिचकावतात, आणि घरच्यांना वाटतं टीव्ही बघून सवय लागली.

डोळे येणं याहून वेगळं. त्यात बहुधा एक डोळा आधी येतो, मग दुसरा. टोचतं, वाळू गेल्यासारखं खुपतं. जंतूंचा संसर्ग असेल तर पिवळट घाण येऊन सकाळी पापण्या चिकटतात. घरात किंवा वर्गात आणखी कुणाचे तरी डोळे आलेले असतात. 2023 च्या जुलैमध्ये आळंदी आणि पुणे परिसरात डोळ्यांची मोठी साथ आली आणि बघता बघता ती राज्यभर पसरली, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा शाळा लाल डोळा दिसला की मुलाला घरी पाठवत होत्या आणि ते बरोबरच होतं. पण ॲलर्जीचे डोळे कुणाला लागत नाहीत. तुमच्या मुलाला दर ऋतूत हा त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षकांकडे देऊन ठेवा. नाहीतर बाकावर त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, आणि डोळ्यांच्या खाजेपेक्षा मुलाला ते जास्त लागतं.

आपल्याकडे या त्रासाला प्रत्येक ऋतूत काही ना काही निमित्त मिळतं. पावसाळ्यात घरं ओलावतात, भिंतींना बुरशी येते आणि गाद्या-उशांमधले डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. पाऊस ओसरू लागला की रस्त्याकडेला आणि मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत पांढरं फुलतं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता गावोगाव आहे आणि त्याचे परागकण अनेकांना सोसत नाहीत. मग दिवाळी येते, माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते, फटाक्यांचा धूर होतो. खेड्यात मळणीचा भुसा उडतो. आणि उन्हाळ्यात कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात ॲलर्जीचा एक चिवट प्रकार उसळतो. तो जास्त करून मुलग्यांमध्ये दिसतो, साधारण पाच-सहा वर्षांपासून पुढे. वरची पापणी उलटली तर आतून फरसबंदीसारखे फोड उठलेले दिसतात, डोळ्याचा पांढरा भाग मळकट तपकिरी होतो आणि मुलाला उजेड सहन होत नाही. वैद्यकीय भाषेत याला व्हर्नल म्हणतात. तुमच्या मुलाला डॉक्टरांनी हा शब्द सांगितला असेल, तर पुढचं सगळं दोनदा वाचा.

आता थेंबांकडे येऊ. मेडिकलच्या काउंटरवर सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात, पण त्यांची कामं अगदी निरनिराळी आहेत.

सगळ्यात साधे म्हणजे डोळे ओले ठेवणारे थेंब, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात. बहुतेकांत कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज असतं. हे डोळ्यातली धूळ, परागकण धुऊन काढतात आणि खुपणं कमी करतात. सौम्य त्रासात कधी कधी एवढ्यावर भागतं. दिवसातून जास्त वेळा लागणार असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.

दुसरे, खऱ्या अर्थानं ॲलर्जीचे थेंब. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन, बेपोटास्टिन, अल्काफ्टाडीन ही त्यांतली नावं. हे थेंब हिस्टामिनला अडवतात, आणि यांतले बरेचसे मास्ट पेशींना शांतही ठेवतात. खाज काही मिनिटांत उतरते. ओलोपॅटाडीन 0.1 टक्क्याचं असेल तर दिवसातून दोनदा, 0.2 टक्क्याचं असेल तर एकदाच पुरतं. म्हणून बाटलीवरचा तो आकडा बघायचा. साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांना हे थेंब सर्रास दिले जातात. त्याहून लहान बाळाला काय द्यायचं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि पोटात घ्यायची ॲलर्जीची गोळी म्हणजे या थेंबांची बदली नव्हे. शिंकांना ती बरी, पण काही मुलांचे डोळे तिनं कोरडे पडतात.

तिसरे, सोडियम क्रोमोग्लायकेटसारखे जुने थेंब. हे पेशी फुटूच नयेत म्हणून काम करतात. दिवसातून चारदा टाकावे लागतात आणि पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात.

इथंच आपला धीर सुटतो. तीन दिवस थेंब टाकले, डोळे जरा बरे दिसले की आपण बाटली बाजूला ठेवतो. किंवा तीन दिवसांत डोळा पांढराशुभ्र झाला नाही की औषध कुचकामी ठरवतो. ॲलर्जीचे थेंब ऋतू संपेपर्यंत, डॉक्टरांनी सांगितलं असेल तितके दिवस, रोज टाकायचे असतात. दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होतो हे माहीत असेल, तर खाज सुरू व्हायच्या एक-दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून थेंब सुरू केलेले उत्तम.

चौथा गट लाली घालवणाऱ्या थेंबांचा. नॅफाझोलीन वगैरे त्यात असतं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून डोळा पांढरा दिसतो, पण रोज वापरले तर औषध उतरल्यावर लाली आणखी जोरात येते. लहान मुलाच्या पोटात हे औषध अगदी एक-दोन मिलिलिटर गेलं तरी गुंगी येऊन, श्वास मंद होऊन दवाखान्यात दाखल करायची वेळ येऊ शकते. ही बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नका.

आणि पाचवा गट, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. स्टिरॉइडचे थेंब.

स्टिरॉइड वाईट औषध नाही. व्हर्नलचा जोर असतो, बुबुळाला जखम व्हायची भीती असते, तेव्हा तेच डोळा वाचवतं, आणि मी स्वतः ते लिहून देते. मोजक्या दिवसांसाठी, हळूहळू कमी करत, डोळ्याचा दाब तपासत. गडबड पुढे होते. या थेंबांनी दोन दिवसांत खाज गायब, डोळा स्वच्छ, मूल हसतं-खेळतं. कुठल्याही आई-बापाला वाटणारच, की अखेर खरं औषध सापडलं. महिन्याभरानं खाज परत येते. मोबाइलमध्ये बाटलीचा फोटो असतो. तो मेडिकलमध्ये दाखवला की बाटली हातात पडते.

तालुक्याच्या गावाहून एक वडील आठवीतल्या मुलाला घेऊन आले होते. तक्रार एवढीच, की पोरगा हल्ली वाटेतल्या वस्तूंना धडकतो, क्रिकेटमध्ये बाजूनं आलेला चेंडू त्याला दिसत नाही. डोळे बघायला अगदी छान, लालीचा मागमूस नाही. दाब मोजला तर खूप वाढलेला. डोळ्याच्या आतली नस सुकत चाललेली, बाजूची नजर दोन्हीकडून गेलेली. वडिलांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डेक्सामिथासोनचे थेंब, दोन उन्हाळे सलग चाललेले. म्हणाले, "डॉक्टर, औषध तर तेच होतं हो. डॉक्टरांनीच दिलेलं." ते खरं बोलत होते. चिठ्ठी मी पाहिली. त्यावर दिवस लिहिलेले होते सात.

हा काचबिंदू होता, स्टिरॉइडनं आलेला. या वाढलेल्या दाबानं बहुधा दुखत नाही, समोरचं दिसत राहतं, फळ्यावरचं वाचता येतं. म्हणून मूल तक्रार करत नाही आणि आपल्याला कळत नाही. गेलेली बाजूची नजर कुठल्याही औषधानं, कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. उरलेली सांभाळता येते, बस. याच थेंबांनी कोवळ्या वयात मोतीबिंदूही होतो. आणि डोळ्यात विषाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग असताना ते पडले तर बुबुळावर जखम चिघळते. स्टिरॉइडनं दाब प्रत्येकाचाच चढतो असं नाही. पण तुमच्या मुलाचा चढतो की नाही, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

तेव्हा बाटली वाचायला शिका. ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते बघा. डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यांपैकी एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. फ्लुरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल त्यातल्या त्यात सौम्य, पण तेही मनानं चालू ठेवायचे नाहीत. सगळ्यात फसवी असतात ती जोडऔषधं, म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड. साथीच्या वेळी अशा बाटल्या घरोघर आल्या आणि नंतर कित्येक दिवस मला पालक त्याच दाखवत होते, "घरात होतीच, म्हणून टाकली." वेष्टनावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नसतं. मेडिकलवाले ओळखीचे असले तरी.

डॉक्टरांसमोरही गप्प बसू नका. यात स्टिरॉइड आहे का? किती दिवस टाकायचं आणि बंद कसं करायचं? दाब कधी तपासायचा? परत खाज आली तर काय करायचं? हे विचारलं म्हणून कुणी चांगला डॉक्टर रागावत नाही. त्रास वारंवार उसळत असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम अशी स्टिरॉइडची गरज कमी करणारी औषधं आहेत, त्याविषयीही बोला. सायक्लोस्पोरिन सुरुवातीला झोंबतं आणि गुण हळू येतो, हे आधी माहीत असलं म्हणजे ते मधेच सुटत नाही.

आता प्रत्यक्ष थेंब टाकण्याविषयी, कारण चांगलं औषध गालावर ओघळून जाताना मी रोज बघते.

आधी हात साबणानं धुवा. बाटलीवर 'हलवा' असं लिहिलं असेल तर हलवून घ्या. मोठ्या मुलाला मान मागे करायला सांगा, बोटानं खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि जी खळगी तयार होते तिच्यात एक थेंब सोडा. बुबुळावर वरून थेंब पडला की मूल दचकतं, म्हणून खळगीतच. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका. आणि एकच थेंब. बाटलीतून येणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं. दुसरा थेंब म्हणजे पैसे गालावरून वाहणं. मग डोळे अलगद मिटायला सांगून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटानं एक-दोन मिनिटं हलका दाब द्या. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते. ती दाबली नाही तर औषध घशात जातं, आणि मूल म्हणतं ते "कडू लागतं" खरंच असतं.

लहान मूल घट्ट डोळे मिटून घेत असेल तर जबरदस्तीनं पापण्या फाकवू नका. त्याला उताणं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू द्या, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळे उघडायला सांगा. थेंब आपोआप आत सरकतो. "काही होणार नाही" असं खोटं सांगू नका. "थोडं चुरचुरेल, दहा आकडे मोज, मग संपलं" असं सांगा. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी धरायला दोन माणसं लागतात.

दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पेनानं तिच्यावर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, अर्धी बाटली उरली असली तरी. एकाची बाटली दुसऱ्याला नाही, बहीण-भावाचा त्रास सारखा दिसला तरीही. मूल लेन्स वापरत असेल, तर थेंब टाकायच्या आधी त्या काढायच्या आणि परत घालायला किमान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. डोळे लाल असताना तर लेन्स नकोच.

औषधाला घरानंही हातभार लावला पाहिजे. खाज सुटली की स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवा. मुलाला हे शिकवा, म्हणजे हाताला चोळण्याऐवजी दुसरं काम मिळतं. बाहेरून आल्यावर तोंड-डोळे साध्या गार पाण्यानं धुवायचे. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गाद्यांना ऊन दाखवा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. माळा आवरायचा असेल तर मूल शाळेत असताना. मुलाच्या खोलीत उदबत्ती आणि मच्छर कॉइल नको. उन्हात टोपी आणि गॉगल हवा.

गुलाबपाणी, मध, आईचं दूध, हे कुठलंच डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं. आजी प्रेमानं सांगते, तिला तेवढ्याच प्रेमानं नाही म्हणा. काजळ आणि सुरमाही नको, कारण कित्येक सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र थेंबांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळा दुखतोय, उजेडात उघडता येत नाही, दिसणं अंधुक झालंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, एकाच डोळ्याला जोराची लाली आहे किंवा पू येतोय. आणि चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरपा नंबर, दर काही महिन्यांनी बदलत असेल तर तेही सांगा. वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्या मुलांत बुबुळ पातळ होऊन पुढे शंकूसारखं येण्याचा धोका असतो. त्याला केरॅटोकोनस म्हणतात. लवकर कळलं तर ते तिथंच थोपवता येतं.

शेवटी एक दिलासा, आणि त्याच्याच पोटात असलेली जबाबदारी. व्हर्नलचा त्रास बहुतेक मुलांमध्ये वयात येताना ओसरतो. आज रात्री-अपरात्री उठून डोळे चोळणारा तुमचा मुलगा कॉलेजात जाईल, तेव्हा त्याला ही खाज कदाचित आठवणारही नाही. पण स्टिरॉइडनं सुकलेली नस तेव्हाही सुकलेलीच राहील. त्रास जाणार आहे, नजर राहायला हवी. म्हणून आज हे वाचून झालं की घरातल्या औषधांचा डबा आणि फ्रिजचं दार उघडा. डोळ्यांच्या जेवढ्या बाटल्या आहेत तेवढ्या बाहेर काढा, प्रत्येकीवरचं बारीक नाव वाचा. मुदत संपलेल्या, तारीख नसलेल्या टाकून द्या. एखादीवर स्टिरॉइडचं नाव असेल आणि ती तुमच्या मुलाला महिनोन्‌महिने पडत असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. ती बाटली हातात घ्या, मुलाला बरोबर घ्या आणि याच आठवड्यात त्याच्या डोळ्याचा दाब मोजून घ्या.